आंबिल ओढा, कल्व्हर्ट आणि २०५० चा पाऊस : प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

प्रकल्पाचा विषय ठरला एकदाचा, पुण्यातल्या पुराचा धोका, आजचा आणि २०५० चा. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणत होत्या मुठा नदी घ्या, धरणाचा विसर्ग रोजच्या रोज कळतो, डेटासाठी वणवण नको. आम्ही तिघं आंबिल ओढ्यावर अडून बसलो. पुण्यात पूर म्हटलं की कोणीही पहिलं काय विचारतं, तर खडकवासल्यातून किती सोडलं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हापासून ते डोक्यात बसलंय आणि बरोबरच आहे. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं त्याचा धरणाच्या दरवाजांशी काही संबंध नव्हता, कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि ते पाणी ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असं करत थेट लोकांच्या घरात गेलं. पुणे शहर आणि आसपास मिळून २० च्या वर माणसं गेली त्या पावसात.

दुसरं म्हणजे नदीला निळी रेषा, लाल रेषा आहे. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. त्यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण निदान रेषा तरी आहे. ओढ्यांचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा इतके मीटर सोडून बांधा यावरच थांबते, पाणी नक्की कुठवर येईल हे कोणी विचारत नाही. आणि धरणातून सोडणार असले तर भोंगा वाजतो, मेसेज येतात. ओढ्याचा मेसेज कोण पाठवणार.

मॅडम शेवटी म्हणाल्या, करा, पण रडत येऊ नका.

१२ एप्रिल

रडायची वेळ आठवड्यातच आली. फुकट मिळणारा उंचीचा डेटा ३० मीटरच्या पिक्सेलचा आणि आपला ओढा काही ठिकाणी ३० मीटरचा सोडा, त्याच्या निम्माही रुंद नाही. म्हणजे एका पिक्सेलमध्ये अख्खा ओढा, दोन्हीकडच्या भिंती, एक रिक्षा स्टँड आणि अर्धी बिल्डिंग, आणि या सगळ्यांची मिळून एकच उंची. त्यात हा डेटा जमिनीचा नसून वरून जे दिसतं त्याचा, त्यामुळे पाणी कुठे पसरेल ते दाखवणाऱ्या आमच्या मॉडेलमध्ये बिल्डिंगच टेकडी होऊन बसते आणि पाणी तिला वळसा घालून भलतीकडे जातं. मग फॅबडेम नावाचा उंचीचा डेटा वापरला, त्यात झाडं आणि इमारती वजा केलेल्या असतात. बरंच सुधारलं, पण ओढ्याचा मार्ग शेवटी हातानेच खोदावा लागला, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅटेलाइट फोटो खाली ठेवून एकेक पॉइंट.

एक गंमत. पर्वतीपाशी ओढा जिथून जातो तो काही त्याचा मूळ रस्ता नाही. पेशवाईत ओढ्याला बांध घालून तळं केलं (आत्ताची सारसबाग, तळ्यातला गणपती) आणि प्रवाह पश्चिमेकडे वळवला. त्यामुळे उतार बघून सॉफ्टवेअर ओढा आपोआप काढतं ते आपण तिथे डोळे झाकून मान्य केलं तर २५०-३०० वर्षांपूर्वीच्या पुण्याचा नकाशा हातात यायचा.

१९ एप्रिल

आज पायपीट. पद्मावतीच्या वरून खाली दांडेकर पुलापर्यंत, जिथे जिथे ओढ्यावर रस्ता जातो तिथे थांबून कल्व्हर्टची (रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीची) रुंदी, उंची, आत काय काय आहे ते टिपायचं. आत काय काय आहे हा कॉलम मी आपला सहज टाकला होता, तोच सगळ्यात कामाचा निघाला.

एका बॉक्समध्ये, म्हणजे चौकोनी कल्व्हर्टमध्ये, शिरलो तर गुडघ्याएवढ्या उंचीवर ड्रेनेजची लाइन आडवी टाकलेली, सिमेंटमध्ये गुंडाळून. त्या लाइनला अडकून एक गादी, थर्माकोलचे मखर, नारळाच्या शेंड्या, निर्माल्याच्या पिशव्या आणि या सगळ्यावर गाळ बसून जवळपास बांधच झालेला. वर स्लॅबचं प्लास्टर निघून सळया दिसतायत. ड्रॉइंगवर हा ३ बाय २ मीटरचा बॉक्स असेल, पाण्याला त्यातलं किती मिळतं ते आत वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. मागच्या महिन्यात साफ केला होता असं शेजारच्या गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं, खरंही असेल, उन्हाळा आहे अजून, पण कचरा थोडाच पावसाची वाट बघतो.

खालच्या वस्तीत एक मावशी भेटल्या, २०१९ ला तिथेच होत्या. आम्ही भिंतीवर टेप धरून विचारत होतो पाणी कुठवर आलं होतं, किती वेळात चढलं. त्या म्हणाल्या, "चढलं नाय रे दादा, भिंत फोडून आत आलं. लाइट गेलेली, दार उघडंना." पाणी कुठवर आलं ते त्यांनी हाताने दाखवलं, माझ्या छातीच्या वर. मग चहा प्यायला बसवलं आणि आमच्यातल्या एकीला सांगितलं, "पोरी, हे सगळं लिहून घे, पण खालच्या अंगाला ती नवीन भिंत बांधलीय ना तिचं पण लिही."

हे महत्त्वाचं आहे. आमच्या मॉडेलमध्ये भिंत म्हणजे कधीही न पडणारी रेघ. सीमाभिंत पडली की तिच्यामागे तुंबलेलं सगळं पाणी एका दणक्यात येतं, त्या रात्री अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडूनच माणसं गेली. तेव्हा भिंत उभी आणि भिंत पडलेली असे दोन्ही रन करायचे. वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

२ मे

पावसाचा डेटा. हवामान खात्याचा ग्रिडेड डेटा १९०१ पासूनचा आहे, पाव अंशाच्या चौकोनांचा, जगात हेवा वाटावा असा. पण रोजचा. सकाळी साडेआठ ते साडेआठ. कात्रजवर दीड-दोन तासांत जे होतं ते २४ तासांच्या बेरजेत पार विरघळून जातं. १०० मिमी दिवसभर रिमझिम पडला काय आणि संध्याकाळी सात ते नऊ पडला काय, फाइलमध्ये दोन्ही १००.

तात्पुरता उपाय म्हणून एकतृतीयांश घाताचा जुना नियम लावला, आपल्याकडे इंजिनियर लोक तो वर्षानुवर्षं वापरतात. दिवसाचा पाऊस गुणिले (तास भागिले २४) चा एकतृतीयांश घात. १०० मिमीचे ३ तासांत ५० होतात आणि एका तासात साधारण ३५. तासाला ३५ ऐकायला काही वाटत नाही, पण खऱ्या वादळी पावसात आकडा याच्या कितीतरी पुढे जातो, तासाला १०० मिमी झाला तर ढगफुटी म्हणतात. म्हणून आम्ही तासाला ३५ आणि तासाला ५० दोन्ही चालवणार आहोत.

आणि एका केंद्रावर विसंबून चालत नाही ते वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकच शहर, लोकलने तासाभराचा रस्ता. कुलाब्याचा आकडा बघून कोणी म्हणालं असतं, काय विशेष नाही, छत्री घेऊन जा. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा घेऊन कात्रजबद्दल बोलणं हा तसलाच प्रकार.

९ मे

कल्व्हर्टची ड्रॉइंग्ज मागायला एका कार्यालयात गेलो. या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब साइटवर. अर्ज द्या. दिला.

२६ मे

मान्सून आला. मे महिन्यात! मुंबईत आणि पुण्यात आज जाहीर केलं. आमचं ओढ्यात उतरायचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालणार होतं, ते आजच संपलं, वरच्या भागातले कल्व्हर्ट मोजायचे राहिले ते राहिलेच. तशी आठवडाभर आधीपासूनच वळवाने झोडपलं होतं, तेव्हाच समजायला हवं होतं म्हणा. नालेसफाईवाल्यांचंही वेळापत्रक जूनच्या हिशोबाचं असतं.

८ जून

आता भविष्याचा भाग. सगळ्यांना वाटतं इथे काहीतरी जादूचा कॉम्प्युटर आहे आणि बटण दाबलं की २०५० चा पूर दिसतो.

हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हा पाया. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) सहाव्या अहवालातले जमिनीवरचे जागतिक सरासरी आकडे असे, की औद्योगिक काळाआधी १० वर्षांतून एकदा यायचा तसा एका दिवसाचा मुसळधार पाऊस १ अंश वाढीला सुमारे ६.७ टक्के जास्त जोरात पडतो, २ अंशाला १४ टक्के, ४ अंशाला ३० टक्के. आणि येतोही जास्त वेळा, २ अंशाला १.७ पट, ४ अंशाला २.७ पट.

बरेच जण हे १४ टक्के उचलून आजच्या पावसाला चिकटवतात. पण तो १४ टक्के १८५०-१९०० च्या तुलनेत आहे, त्यातलं पहिल्या अंशाचं आपण आधीच भोगतोय, आजच्या मोजमापात ते आलेलंच आहे. म्हणजे आजपासून २ अंशापर्यंतची वाढ १.१४ भागिले १.०६७, साधारण ७ टक्के. ४ अंशापर्यंत २२ टक्के. आम्ही हेच घेतोय. तासा-दोन तासांचा पाऊस याहून जास्त वेगाने वाढू शकतो, म्हणून ७ हा तळाचा आकडा समजायचा.

मग थेट हवामान मॉडेलचा पुण्याचा डेटाच का नाही घेत? बघितला. स्थानिक पातळीवर उतरवलेला जो डेटा सहज मिळतो त्याचा चौकोन २५ किलोमीटरच्या आसपास असतो, कात्रज घाट आणि शिवाजीनगर एकाच चौकोनात आले तर आश्चर्य नको. वर बऱ्याच मॉडेल्सची सरासरी काढायची पद्धत आहे, आणि सरासरी काढली की टोकाचे पाऊस नेमके गुळगुळीत होतात, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच गायब. दिशेबद्दल मात्र फारशी शंका नाही. पुण्यातच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर मोठ्या भागात एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण मान्सूनचा पाऊस कमी होत असतानाही.

१५ जून

आजचा हिशोब जरा सविस्तर लिहून ठेवतो कारण सगळा प्रकल्प यावर उभा आहे.

कर्व्ह नंबर पद्धत घेतली. जमिनीला एक नंबर द्यायचा, जितका मोठा तितकं पाणी मुरत नाही. मध्यम प्रतीचं, माती जेमतेम पाणी पिणारी असं चराऊ रान असेल तर ७९. तीच माती, पण वर दाट घरं, दोन तृतीयांश जागा पक्की, तर ९०. पाऊस १०० मिमी धरला.

रान आणि आजचा पाऊस, वाहून येणारं पाणी ४९ मिमी. रान तसंच ठेवून नुसता पाऊस ७ टक्के वाढवला, तर ५४. पाऊस आजचाच ठेवून रानाची वस्ती केली, तर ७३. दोन्ही केलं, तर ७९. आणि वस्ती अधिक ४ अंशाचा पाऊस, ९४.

म्हणजे पाऊस ७ टक्के वाढला तर वाहणारं पाणी १२ टक्के वाढतं, कारण जमिनीने प्यायचं तेवढं पिऊन झालेलं असतं, वरचं सगळं वाहतं. हे हवामानबदलाचं. पण नुसत्या बांधकामाने वाढ जवळपास ५० टक्के! आमच्यातली कोडिंगवाली म्हणाली, परत चालव, काहीतरी चुकलंय. परत चालवलं. हाताने केलं. तेच.

पण इथेच थांबलो असतो तर मॅडमनी फाडून खाल्लं असतं, आणि तसंच झालं, त्यांनी एकच विचारलं, २०१९ चा पाऊस कोणत्या महिन्यातला? सप्टेंबरची अखेर. जमीन आधीच चिंब, कात्रजचं तळं भरलेलं. भिजलेल्या जमिनीला पद्धतीप्रमाणे नंबर वाढवायचा असतो, तेव्हा आपलं ७९ चं रानच ९० वर जातं आणि ९० ची वस्ती ९५ वर. मग तोच १०० मिमी पाऊस रानावर ७३ आणि वस्तीवर ८५ च्या पुढे. फरक ५० टक्क्यांवरून १८ वर आला. भिजलेल्या डोंगराचं निम्मं डांबर झालेलंच असतं. म्हणजे काँक्रीटचा सगळ्यात मोठा दणका बसतो तो कोरड्या जमिनीवर आलेल्या पहिल्या मोठ्या पावसात किंवा वळवात, आणि सप्टेंबरच्या पुरात डोंगरउतारावर हिरवळ राखली तरी सगळंच पाणी अडेल अशी आशा धरायची नाही. पर्यावरणवाल्या मित्रांना हे आवडणार नाही. बिल्डर मित्रांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण १८ टक्के म्हणजे काही थोडं नाही, आणि पक्क्या रस्त्या-गटारांवरून पाणी लवकर पोचतं, त्यामुळे एकूण पाणी तेवढंच असलं तरी लोंढा उंच येतो. तो भाग या नंबरात दिसतच नाही.

२९ जून

पाणी किती ते झालं, आता ते जातं कुठून.

नमुन्याला तोच ३ बाय २ चा बॉक्स. पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर भरून वाहताना १८ घनमीटर. वरून २०० हेक्टरचं पाणी येतंय असं धरलं, पाऊस तासाला ५० मिमी. निम्मं पाणी वाहून येतं असं मानलं तर सेकंदाला जवळपास १४ घनमीटर, बसतंय आरामात. वस्ती वाढली, ८० टक्के वाहतं असं मानलं तर २२. नाही बसत. त्यावर ७ टक्के हवामानाचे चढवले तर २४ च्या जवळ.

आता त्यात ती गादी टाका. आडवी लाइन, गाळ, कचरा मिळून निम्मा बॉक्स अडला तर क्षमता १८ वरून ९. मग जुनं, निम्मं मुरणाऱ्या काळातलं १४ सुद्धा बसत नाही. तासाला ३५ च्या पावसातही हा बॉक्स रस्त्यावर पाणी काढतो. २०५० पर्यंत हवामान जेवढं बिघडवेल त्याच्या कितीतरी पट ही लाइन आणि ती गादी आजच बिघडवतेय. हे वाक्य अहवालात असंच ठेवू या असं माझं म्हणणं, मॅडम म्हणतात गादी काढा. शब्द हो, खरी गादी कोण काढणार ते माहिती नाही.

मुंबईत २००५ नंतर पावसाळी गटारांचा हिशोब तासाला २५ मिमीवरून ५० वर नेला, आणि पूर्वी निम्मं पाणी मुरतं असं धरायचे ते आता काहीच मुरत नाही असं धरतात. म्हणजे आकडा नुसता दुप्पट नाही, चौपट. आपल्याकडे नवीन कल्व्हर्टला हा विचार आधीच केला तर पुढे फोडाफोडी वाचेल.

१३ जुलै

कार्यालयातून उत्तर आलं. अर्ज दुसऱ्या विभागाचा आहे.

२६ जुलै

धोका म्हणजे नुसती पाण्याची खोली नाही यावर आज भांडण झालं. गेल्या वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग, तळमजले बुडाले, लष्कर बोलवावं लागलं. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत तीन जण गेले ते बुडून नाही, शॉक लागून. म्हणून आमच्या तक्त्यात आता खोलीच्या शेजारी मीटरचा बोर्ड जमिनीपासून किती वर, बेसमेंट आहे का, दार आत उघडतं का बाहेर, तळमजल्यावर एकटं म्हातारं माणूस राहतं का, असे कॉलम आहेत. दाराचं मावशींमुळे सुचलं.

आणखी एक, २५ वर्षांतून एकदा हा शब्दप्रयोग लोकांसमोर वापरायचा नाही असं ठरलं. ऐकणाऱ्याला वाटतं २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत. त्यापेक्षा गृहकर्जाच्या मुदतीने सांगायचं. निळ्या रेषेच्या काठावर ३० वर्षांच्या कर्जावर घर घेतलं तर कर्ज फिटायच्या आत पाणी निदान एकदा दारात यायची शक्यता ७१ टक्के, लाल रेषेवर २६ टक्के. साधं गणित आहे, आणि तेही पाऊस आजच्यासारखाच राहील असं धरून.

७ सप्टेंबर

काल एका सोसायटीच्या हॉलमध्ये नकाशे दाखवले. तीन नकाशे नेले होते, आज, २ अंश, ४ अंश, आणि प्रत्येकाला बॉक्स साफ आणि बॉक्स निम्मा तुंबलेला असे दोन भाऊ. लोकांना हवा होता एकच. सेक्रेटरी काकांचा पहिला प्रश्न, आमची बिल्डिंग लाल का? दुसरा, हे नेटवर टाकणार का? त्यांना फ्लॅट विकायचाय, त्यांची अडचण कळते. पण एकच नकाशा दिला असता तर लोकांनी रंग बघितला असता आणि खालचे जर-तर कोणी वाचले नसते. आम्ही इमारतींवरचे रंग काढून टाकले आणि कल्व्हर्टची यादी वर आणली, कोणता बॉक्स कुठल्या पावसाला भरतो, साफ असताना आणि तुंबलेला असताना. त्याबरोबर हॉलमधली चर्चा बदलली. एक काकू म्हणाल्या, आमच्या कोपऱ्यावरचा आम्ही बघतो, तुम्ही फक्त मे महिन्यात फोटो काढून द्या. गॅरेजवाले दादाही आले होते, त्यांनी लाइन आडवी टाकलेल्या बॉक्सचं नाव यादीत वर का नाही म्हणून झापलं. वर केलं.

राहता राहिला वरचा भाग. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं २०२१ ला महापालिकेत आली, आणि कात्रजच्या तळ्यात येणारं पाणी याच बाजूने उतरतं. तिथे अजून बऱ्याच जागी रान ७९ चं आहे. खाली सहकारनगर, पर्वतीत आपण फार तर बॉक्स मोठे करू शकतो, नंबर बदलायची वेळ गेली. वर ती अजून आहे, पण फार दिवस नाही, मे महिन्यात गेलो तेव्हाच प्लॉटिंगचे चुन्याची फक्की मारलेले पट्टे ओढ्याच्या घळीत उतरलेले दिसले होते. त्या पट्ट्यांचं मोजमाप आत्ताच्या सॅटेलाइट फोटोवर करून घ्यायचंय आणि २०१७ च्या फोटोशी लावून बघायचंय. पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुट्टीत राहिलेले कल्व्हर्ट. टेप नवीन घ्यावा लागेल, ३० मीटरचा, जुना गंजलाय.